पट, पत्ते आणि पाढे : घरातील बैठ्या खेळांचे अध्यापनमूल्य

सवाई जयसिंह दुसरे यांनी १७२७ साली वसवलेल्या जयपूर नगरीत मुख्य रस्ते जेथे एकमेकांना काटकोनात छेदतात, त्या चौकांना ‘चौपड’ असे नाव आहे. बडी चौपड, छोटी चौपड, रामगंज चौपड ही नावे आजही नित्याच्या बोलण्यात आहेत. मध्ये चौक आणि चार दिशांना चार भुजा ही आकृती ज्या खेळाच्या पटावरून ओळखली गेली, तो खेळ म्हणजेच मराठीतील सारीपाट. या नगरीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील मूल रोज ज्या चौकातून जाते, त्या चौकाचे नाव एका बैठ्या खेळाचे आहे ही गोष्ट मात्र त्याला बहुधा कोणी सांगितलेली नसते. घरातल्या घरात खेळांच्या साहाय्याने मुलांना शिकविण्याचा विचार मांडताना या नावापासून आरंभ करणे सोयीचे आहे. राजस्थान आणि महाराष्ट्र या दोन्ही प्रदेशांत पट ही वस्तू केवळ करमणुकीची नव्हती, शिकवण्याचीही होती.

या विषयाची चर्चा अलीकडे पुन्हा होऊ लागली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये खेळ आणि खेळणी यांद्वारे शिक्षणाचा पुरस्कार आहे. त्यानंतर राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने खेळण्यांवर आधारित अध्यापनाची हस्तपुस्तिका काढली आणि २०२३ साली तीन ते आठ वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘जादुई पिटारा’ हा संच आणला. या चर्चेत एक मूलभूत प्रश्न मात्र बहुधा बाजूला राहतो. खेळातून शिक्षण होते असे म्हणताना ते खेळात नेमके कोठे असते? पटावर छापलेल्या चित्रात, की खेळाच्या नियमात?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी ज्ञानचौपड या खेळाइतके उपयुक्त उदाहरण दुसरे नाही. महाराष्ट्रात याच जातीचा खेळ मोक्षपट या नावाने ओळखला जातो. त्याचे कर्तृत्व संत ज्ञानेश्वरांकडे देण्याची प्रथा आहे. तथापि तेराव्या शतकातील एकही पट उपलब्ध नाही, त्यामुळे हे श्रेय श्रद्धेचा विषय म्हणून स्वीकारावे, इतिहास म्हणून नव्हे. राजस्थान आणि गुजरातमधील जैन परंपरेत चौऱ्याऐंशी घरांचे पट आढळतात. त्यांच्या शिरोभागी सिद्धशिला असते आणि पर्युषणाच्या काळात ते खेळण्याची चाल होती. वैष्णव पट बहुधा बहात्तर घरांचे. अँड्र्यू टॉप्सफील्ड यांनी १९८५ पासून या पटांचा सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला आणि २०१९ साली कोपनहेगन विद्यापीठात याकोब श्मिट-मॅड्सन यांनी पश्चिम भारतातील याच खेळावर प्रबंध सादर केला. सापशिडी हा त्याचाच वंशज होय.

हरीश जोहरी यांनी १९७०च्या दशकात इंग्रजी भाष्यासह प्रकाशात आणलेला बहात्तर घरांचा पट या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. यात शिड्यांच्या जागी बाण आहेत. दहा बाण आणि दहा साप. खेळगड्याने आपली सोंगटी प्रथम अडुसष्टाव्या घरात, म्हणजे वैकुंठात ठेवायची असते. सहाचे दान पडले की ती पहिल्या घरात, म्हणजे जन्मात येते. पुढचा सारा प्रवास जेथून निघालो तेथेच परतण्याचा आहे. क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर ही घरे आरंभीच भेटतात. सतराव्या घरात दया आहे. तिचा बाण पटावरील सर्वांत लांब. तो बावन्न घरे ओलांडून एकोणसत्तराव्या घरात, ब्रह्मलोकात नेतो. पण एकोणसत्तर हे अडुसष्टाच्या पुढचे घर आहे. दयेने वर गेलेला खेळगडी वैकुंठ ओलांडून जातो. मग त्याला बहात्तरापर्यंत जाणे भाग पडते. तेथे तमोगुणाचा साप आहे. तो त्याला एक्कावन्नाव्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. येथून तीनचे दान पडले तर चोपन्नावे घर लाभते. ते भक्तीचे असून त्याचा बाण थेट वैकुंठाला जातो. चारचे पडले तर पंचावन्नावे घर, अहंकाराचे. त्याचा साप तिसऱ्या घरात, क्रोधात नेऊन टाकतो.

पटाच्या रचनेत आणखी एक गोष्ट आहे. नऊ घरांची एक ओळ आणि अशा आठ ओळी. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे, अशी नांगरटीसारखी उलटसुलट गती. या रचनेत चोपन्न हे सहाव्या ओळीचे अखेरचे घर ठरते आणि पंचावन्न बरोबर त्याच्या डोक्यावर येते. भक्तीच्या माथ्यावर अहंकार! हे कोणत्याही कीर्तनकाराने सांगण्याजोगे आहे, पण येथे ते कोणी सांगत नाही. आठ वर्षांचे मूल भक्तीच्या घरासाठी तीनची वाट पाहत असते, चार पडतात आणि सोंगटी क्रोधापर्यंत घसरते. त्या घसरणीत त्या मुलाला जे कळते ते उपदेशाने कळणारे नाही. पटाचे शिक्षण चित्रात नसून घरांच्या परस्परसंबंधात, म्हणजेच नियमात आहे, असे म्हणता येते ते याच अर्थाने.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला तेव्हा आरंभी तेथेही घरांना नावे होती. काटकसर, पश्चात्ताप, उद्योग यांच्या शिड्या आणि आळस, अवज्ञा, चैन यांचे साप असलेले पट व्हिक्टोरियन घरांत खेळले जात. पुढे नावे गळाली, आकडे उरले. भारतात तोच बिननावाचा पट छापील होऊन परत आला आणि आजच्या मराठी घरातील सापशिडी ती हीच. नियम जवळपास तोच, पण घसरण कशामुळे झाली याचे कारण नाहीसे झालेले. त्याच काळात अमेरिकेत याच्या उलट घटना घडली. एलिझाबेथ मॅगी यांनी १९०४ साली ‘लँडलॉर्ड्स गेम’चे स्वामित्वहक्क मिळवले. जमिनीच्या भाड्यातून एकाकडे संपत्ती कशी साचते हे दाखवून त्या व्यवस्थेविषयी सावध करणे हा त्यांचा हेतू होता. त्यातूनच पुढे १९३५ साली बाजारात आलेल्या ‘मोनोपॉली’त सावधगिरी लोपली आणि इतरांना कंगाल करून जिंकण्याचा आनंद राहिला. महाराष्ट्रातील घरांत उन्हाळ्याच्या सुटीत रंगणारा ‘व्यापार’ याच घराण्यातला. तो खेळणारे मूल बेरीज-वजाबाकी शिकते हे खरे. पण भाडे वसूल करणे हीच हुशारी, हेही ते त्याच बैठकीत शिकत असते. पालकाने खेळ निवडताना खोक्यावरील ‘शैक्षणिक’ ही अक्षरे न पाहता, या खेळात जिंकण्यासाठी मुलाला काय करावे लागते, एवढेच पाहावे.

आधुनिक मानसशास्त्राने या बाबतीत जे दाखवून दिले आहे ते उल्लेखनीय आहे. रॉबर्ट सीग्लर आणि गीता रमाणी यांनी २००८ साली अल्प उत्पन्न गटातील चार-पाच वर्षांच्या अमेरिकन मुलांना एक ते दहा आकड्यांचा सरळ रेषेतील पट खेळायला दिला. पंधरा-पंधरा मिनिटांच्या चार बैठका, त्याही दोन आठवड्यांत. एवढ्याने मुलांची संख्यांची जाण लक्षणीय सुधारली. आकड्यांऐवजी रंग असलेला तसाच पट खेळलेल्या मुलांत ही सुधारणा दिसली नाही. पुढील वर्षी त्यांनी दाखवले की तेच आकडे वर्तुळाकार मांडले तर तितका लाभ होत नाही. मुलांच्या मनात संख्यांची रेषा पटाच्या आकारातून उमटते. एलिडा लास्की आणि सीग्लर यांचा २०१४ चा निष्कर्ष तर घरी शिकवणाऱ्याने गाठीशी बांधावा असा आहे. शंभर घरांच्या पटावर सोंगटी पुढे सरकवताना ‘एक, दोन, तीन’ असे मोजणाऱ्या मुलांपेक्षा, ज्या घरावर सोंगटी जाते त्या घराचा आकडा उच्चारणारी मुले पुष्कळ अधिक शिकली. सोंगटी सत्तेचाळीसवर असेल आणि तीन पडले तर ‘अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, पन्नास’ असे म्हणत जायचे.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबांसाठी या साध्या सूचनेला दुसरेही महत्त्व आहे. जयपूरमधील मराठी मूल शाळेत हिंदी वा इंग्रजी संख्यानामे शिकते. घरची मराठी बरीचशी टिकून राहते. मराठी आकडे मात्र फार लवकर जातात. आईशी मराठीत बोलणारे मूल दुकानदाराशी हिशेब करताना ‘उनचास’ म्हणते आणि घरी आल्यावरही ‘उनचास’च म्हणते. एकोणपन्नास या शब्दातील ‘एक उणे पन्नास’ ही वजाबाकी त्याला ऐकू येत नाही. तिरपन आणि त्रेपन्न, चौवन आणि चोपन्न, पचपन आणि पंचावन्न यांचे नाते जवळचे असल्याने तर गोंधळ अधिकच. मराठी संख्यानामे महाराष्ट्रातील मुलांनाही जड जातात हे २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितातील ‘वीस सात’ या नव्या पद्धतीवरून झालेल्या वादाने दिसून आले होते. त्या वादात दोन्ही बाजूंनी तावातावाने बोलले गेले. पण पाढे आणि आकडे पूर्वी कानावर पडत ते कोठे, हा विचार फारसा झाला नाही. ते शाळेत जितके पडत तितकेच ओसरीवरच्या डावातही पडत. पटावर घराचा आकडा मराठीत म्हणायचा, एवढा एकच नियम घरात केला तर एका डावात मूल ही नावे कितीतरी वेळा उच्चारते आणि त्याला ते शिकणे वाटत नाही. नऊ घरांच्या ओळींचा पट असेल तर कडेने नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस असा पाढाही आपोआप उभा राहतो.

कवड्यांचा उपयोगही असाच. सहा कवड्या टाकून जितक्या उताण्या पडतील तितके दान, पण एकच उताणी पडली तर दहा आणि सर्व पालथ्या पडल्या तर पंचवीस, अशी पचिसीतील एक रूढ पद्धत आहे. सहांपैकी तीन उताण्या पडण्याचे वीस प्रकार संभवतात. सर्व पालथ्या पडण्याचा प्रकार एकच. कवडीच्या दोन बाजू समसमान नसल्याने हा हिशेब तंतोतंत उतरत नाही, परंतु दुर्मीळ दानाचे मोल मोठे का ठेवले असावे हे मुलाला त्यावरून समजावता येते. ठोकळ्यासारख्या फाशात ही सोय नाही.

पत्त्यांविषयी मराठी घराचे मन दुटप्पी राहिले आहे. ‘पत्ते कुटणे’ हा वाक्प्रचार रिकामटेकडेपणाचा निदर्शक. आणि तरीही मे महिन्याच्या दुपारी बदाम सात, झब्बू, गुलामचोर खेळले नाहीत असे मराठी बालपण विरळा. द्यूताचा इतिहास पाहता वडीलधाऱ्यांची भीती अगदीच अनाठायी नव्हती. पैसा न लावता खेळलेला पत्त्यांचा डाव मात्र गणिताचा उत्तम शिक्षक आहे. बदाम सातमध्ये सत्तीच्या खाली आणि वर पाने लागत जातात. अलीकडची आणि पलीकडची संख्या यांचे ज्ञान पाच वर्षांच्या मुलालाही त्यातून होते. पाच-तीन-दोन हा डाव तर विशेष लक्ष देण्याजोगा. तीन खेळगडी, तीस पाने, प्रत्येकाला दहा. एकाने पाच हात करायचे, दुसऱ्याने तीन, तिसऱ्याने दोन. ज्याचे हात जास्त होतात तो ज्याचे कमी झाले त्याची पाने पुढच्या डावात ओढतो. एकाचे दोन जास्त झाले तर उरलेल्या दोघांचे मिळून दोन कमी झालेच पाहिजेत. अधिक आणि उणे यांची बेरीज दर डावात शून्य येते. ऋण संख्या शाळेत शिकण्याच्या दोन-तीन वर्षे आधीच हे मूल ‘माझे उणे दोन’ असे बिनदिक्कत म्हणत असते आणि ते फेडण्याची काळजीही वाहत असते.

सावंतवाडीच्या गंजिफांचा येथे केवळ उल्लेख करावा असे नाही. दशावतारी गंजिफांची एकशे वीस गोल पाने असतात. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा पाने. निम्म्या रंगांत दश्शी प्रधानाच्या खालोखाल मोठी, निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी सर्वांत लहान. मोठा आकडा म्हणजे मोठे पान ही समजूत येथे दर हाताला तपासावी लागते. खेळ तिघांचा, हुकूम नाही. कोणती पाने पडून गेली हे ध्यानात ठेवणे हेच कौशल्य. दिवसा रामाच्या राजाने आणि रात्री कृष्णाच्या राजाने उतारी करण्याचा संकेत आहे, त्यामुळे खेळायला बसण्यापूर्वी सूर्य मावळला की नाही हेही पाहावे लागते. राजे शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी सावंतवाडीच्या राजवाड्यात ही कला पुन्हा जागती केली, त्यामुळे हाताने रंगवलेले संच आज मिळतात. मात्र ते विकत घेणारे बहुतेक जण ते काचेच्या कपाटात ठेवतात. नियम जाणणारे थोडेच उरले आहेत.

घरच्या अध्यापनात एक पथ्य मात्र पाळावे लागते. साप लागताच डाव थांबवून अहंकार म्हणजे काय हे समजावणारा पालक खेळही घालवतो आणि शिकवणही. कुसंग, तमोगुण, सुविद्या हे शब्द मुलाला आज कळले नाहीत तरी बिघडत नाही. ते वाचले जावेत, मोठ्याने म्हटले जावेत. विचारले तर सांगावे. जयपूरसारख्या ठिकाणी पुष्कळ घरांत मुलाने आपण होऊन वाचावा असा मराठी मजकूर फारसा नसतो. मोठ्या पुठ्ठ्यावर नऊ गुणिले आठ घरे आखून, आकडे देवनागरीत आणि घरांची नावे मुलाच्याच अक्षरात लिहून घेतली, तर बहात्तर शब्दांचे मराठी लेखन एका रविवारी होते. साप कोठून कोठे न्यायचा यावर घरात वाद झाल्यास तो मुलाला जिंकू द्यावा. नियम करणारा खेळगडी ते सहसा विसरत नाही.