धक्क्याला धक्का

मराठीत ‘धक्का’ हा शब्द मोठा मजेदार आहे. जहाज लागते तो धक्का आणि धरणी हादरते तोही धक्काच. भाऊच्या धक्क्यावर लाँचची वाट पाहणाऱ्याच्या मनात या दोन अर्थांची गाठ कधी पडत नाही. जपानातील कोबे बंदरात मात्र १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी ती पडली.

त्या भूकंपात सहा हजारांवर माणसे दगावली. एवढ्या हाहाकारात बंदराच्या भिंतींचे काय घेऊन बसलात, असे कोणी म्हणेल. पण रस्ते आणि लोहमार्ग उखडल्यावर मदत यायची ती समुद्रावाटेच, आणि तीच वाट मोडली होती.

कोबेची पोर्ट आयलंड आणि रोक्को आयलंड ही बेटे समुद्रात भर घालून केलेली. त्यांच्या कडेला काँक्रीटच्या अजस्र पेट्या ओळीने बसवून, त्या आतून भरून, भिंत उभी केलेली. पाठीशी मातीचा रेटा, पुढ्यात पाणी. तळचा मऊ गाळ उपसून तिथे मुरमाड वाळू घातलेली. नवल असे की, या भिंती कोसळल्या नाहीत. त्या समुद्राकडे सरकल्या, कुठे तीन मीटर तर कुठे पाच! शिवाय एक-दोन मीटर खचल्या आणि चारेक अंशांनी पुढे कलल्या. क्रेनचा पुढचा रूळ भिंतीबरोबर गेला, मागचा जागीच राहिला आणि क्रेनचे पाय फाकले. भिंत उभी, पण धक्का निकामी.

म्हणजे ‘भिंत पडेल का?’ हा प्रश्न पुरेसा नव्हे. १९२३ च्या कांटो भूकंपानंतर ओकाबे आणि मोनोनोबे या जपानी पंडितांनी हादऱ्यात मातीचा रेटा किती वाढतो, याचे सूत्र बसवले. त्यावरून उत्तर मिळे ते ‘टिकेल’ किंवा ‘टिकणार नाही’ एवढेच. ‘सरकेल किती?’ हे विचारले न्यूमार्क या अमेरिकन अभियंत्याने. १९६५ साली लंडनच्या व्याख्यानात तो बोलला धरणांविषयी. पुढे १९७९ मध्ये रिचर्ड्स आणि एल्म्स यांनी तोच विचार भिंतींना लावला.

मी मराठी शिकवणारा. गणिताशी सख्य बेताचेच. तरी हा विचार मला एका ट्रंकेवरून उमगला. आगगाडीच्या डब्यात ठेवलेली जड ट्रंक हलक्या हिसक्याने हलत नाही. हिसका एका मर्यादेपलीकडचा असला, की ती दोन बोटे सरकते आणि तिथेच राहते. भिंतीचे तसेच, फरक इतकाच की, पाठीमागून माती रेटत असल्याने ती समुद्राकडेच सरकते. एकेका हिसक्याची बोटे मोजून बेरीज केली, की अंदाज हाती येतो.

कोबेने या सोप्या हिशेबालाही पेच घातला. नुसत्या सरकण्याने खचण्याचा आणि कलण्याचा उलगडा होईना. पाणबुडे खाली उतरले, तेव्हा भिंतीच्या पायापुढचा दगडी भराव वर उचललेला दिसला. ट्रंकेखालची फळीच पिचली होती म्हणा ना! ओली भुसभुशीत वाळू हादरली, की कणांमधल्या पाण्याचा दाब वाढतो, कण एकमेकांना धरून राहत नाहीत आणि जमीन पातळ होऊ लागते. इआई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सारे संगणकात घातले, तेव्हा सरकणे सुमारे साडेतीन मीटर आले, म्हणजे प्रत्यक्षाच्या जवळ. पाया आणि पाठभर यांतील पाण्याचा दाब वाढलाच नसता असे धरून पुन्हा हिशेब केला. उत्तर आले सुमारे १.६ मीटर. निम्म्याहून अधिक दोष असा मातीच्या माथी.

कोबे १९९४ साली कंटेनर-वाहतुकीत जगात सहावे होते. बंदर पूर्ववत व्हायला दोन वर्षांहून अधिक काळ लागला. तोवर जहाजांनी दुसरी बंदरे धरली आणि ते स्थान परत मिळाले नाही. त्याच बंदरात माया येथील एक धक्का आधीपासून जास्त हादरे सोसण्याच्या हिशेबाने बांधलेला होता. तो किंचितच हलला, आणि भूकंपानंतर जहाजे त्याला लागू शकली.