नाकारलेल्या यंत्राचा हिशोब

१९८७ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनमध्ये संसदेच्या इमारतीसमोरच्या हिरवळीवर अमेरिकी काँग्रेसचे काही सदस्य घण घेऊन उभे राहिले आणि त्यांनी कॅमेऱ्यांसमोर तोशिबाचा एक रेडिओ फोडला. रेडिओचा काहीच दोष नव्हता. तोशिबाच्या एका उपकंपनीने १९८२-८३ मध्ये लेनिनग्राडच्या गोदीला नऊ अक्षांवर फिरणारी मिलिंग यंत्रे विकली होती आणि त्यांचे संगणकीय नियंत्रक नॉर्वेच्या कोंग्सबर्ग कंपनीने पुरवले होते. पाणबुडीच्या पंख्याची पाती या यंत्रांवर इतकी सफाईदार कातली जात की, पाण्यात तिचा आवाज जवळजवळ येईनासा होई, असा आरोप होता. साम्यवादी देशांना काय विकायचे नाही हे तेव्हा पॅरिसमधून चालणारी 'कोकॉम' ही समिती ठरवत असे. तिची सारी व्यवस्था दोन कंपन्यांनी चुकवली होती.

सोव्हिएत पाणबुड्यांचा आवाज कमी झाला, हे खरे होते. पण तो त्या यंत्रांमुळे किती कमी झाला? अमेरिकी नौदलातला जॉन वॉकर सतरा-अठरा वर्षे सोव्हिएत संघाला गुपिते विकत होता आणि १९८५ मध्ये तो पकडला गेला. आपल्या पाणबुड्या अमेरिकेला किती सहज ऐकू येतात, हे मॉस्कोला त्याच्याकडून कळले, असे मानणारे अभ्यासक आहेत. गोदीत यंत्रे पोहोचण्याआधीच आवाज कमी करण्याचे काम सुरू झाले होते, असेही सांगितले जाते. तोशिबाच्या उपकंपनीवर १९८८ च्या व्यापार कायद्याने निर्बंध आले, पण कोणत्या कारणाचा वाटा किती, याचा निवाडा काही झाला नाही. निर्यात नियंत्रणाबद्दल विचार करताना मला हा प्रसंग वारंवार आठवतो. कुलूप तुटल्यावर घण उचलायला सगळे धावले. ते कुलूप मुळात काय राखत होते, हे मोजायला फारसे कोणी थांबले नाही.

थांबणारे अगदीच नव्हते असे नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने नेमलेल्या एका समितीचा अहवाल १९८७ मध्येच आला. समितीचे अध्यक्ष ल्यू ॲलन हे हवाई दलाचे माजी प्रमुख. व्यापाऱ्यांची बाजू घेतल्याचा संशय त्यांच्यावर कोणी घेणार नव्हते. निर्यात नियंत्रणांमुळे १९८५ या एका वर्षात अमेरिकी अर्थव्यवस्थेचे सुमारे ९.३ अब्ज डॉलरचे आणि १ लाख ८८ हजार रोजगारांचे नुकसान झाले, असा अंदाज अहवालाने मांडला. नियंत्रणे उठवा, असे समितीचे म्हणणे नव्हते. मोजकी ठेवा, मित्रदेशांना सोबत घ्या आणि जी वस्तू बाजारात दुसरीकडे सहज मिळते तिच्यावर शक्ती खर्च करू नका, एवढेच तिने सांगितले.

हा शेवटचा मुद्दा कायद्यात आधीपासून होता. १९७९ च्या निर्यात प्रशासन कायद्यात 'परदेशी उपलब्धता' नावाची तरतूद होती. तोडीची वस्तू परदेशातून पुरेशा प्रमाणात मिळत असेल, तर तिच्यासाठी परवान्याची अट ठेवण्यात अर्थ नाही, हे तिचे सार. परराष्ट्र धोरणासाठी घातलेली नियंत्रणे तर वर्ष उलटले की आपोआप संपत. ती पुढे चालू ठेवायची तर सरकारला काँग्रेसपुढे कारणे मांडावी लागत. परिणामकारकतेचा आढावा कायद्याने घ्यायला लावण्याची कल्पना अशी चांगली पंचेचाळीस वर्षे जुनी आहे.

१९८७ च्याच सुमाराची तिसरी गोष्ट आपल्या घरची. भारताला क्रे कंपनीचा महासंगणक हवा होता. मागितलेले जास्त क्षमतेचे मॉडेल अमेरिकेने दिले नाही. कमी क्षमतेचे एक्स-एमपी/१४ दिले, तेही हवामानाच्या अंदाजापुरते आणि कडक देखरेखीच्या अटींवर. महासंगणक अण्वस्त्रांच्या आणि क्षेपणास्त्रांच्या आकडेमोडीलाही चालतो, ही त्यांची भीती. मग स्वतःचा महासंगणक घडवण्यासाठी मार्च १९८८ मध्ये पुणे विद्यापीठाच्या आवारात सी-डॅक ही सरकारी संस्था उभी राहिली. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर तिचे प्रमुख झाले आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला.

या गोष्टीची आपल्याकडे पुष्कळ पारायणे झाली आहेत आणि प्रत्येक वेळी ती स्वाभिमानाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. तशी ती आहेच. पण तिचे झाकण उघडून आत पाहायला हवे. क्रेसारखा एकच बलाढ्य प्रोसेसर बनवणे पुण्याला शक्य नव्हते. तिथल्या अभियंत्यांनी अनेक छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडून एकाच वेळी कामाला लावले. हे छोटे प्रोसेसर म्हणजे ब्रिस्टलच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर. शेजारच्या चिपशी बोलण्याची सोय त्यांच्यात जन्मजात होती. अमेरिकेने तयार महासंगणकाला कुलूप घातले, पण ज्या सुट्या भागांतून तो दुसऱ्या रीतीने रचता येतो ते ब्रिटनमध्ये विकत मिळत होते. 'परदेशी उपलब्धता' या रुक्ष शब्दजोडीचा अर्थ पुण्यात असा प्रत्यक्ष दिसला.

आणि झाकण उघडलेच आहे, तर पुढचेही पाहू. २०२० मध्ये सी-डॅकच्या 'परम सिद्धी-एआय'ने जगातल्या पहिल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वे स्थान मिळवले. त्याच्या पोटात एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीच्या ए१०० चिप आहेत. यंत्र रचायला आपण शिकलो, चिप मात्र बाहेरचीच राहिली. नकाराने आपल्याला एक विद्या दिली, दुसरी दिली नाही. त्या नकाराची परिणामकारकता मोजायची, तर हे दोन्ही रकाने भरावे लागतील.

हीच ए१०० ऑगस्ट २०२२ मध्ये चीनला नाकारली गेली. पाठोपाठ ७ ऑक्टोबर २०२२ रोजी अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने प्रगत चिप आणि त्या बनवणारी यंत्रे यांच्यावर व्यापक नियम लादले. त्याआधी तीन आठवडे राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार जेक सलिव्हन यांनी एका भाषणात धोरणातला बदल सांगितला होता. प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक-दोन पिढ्या पुढे राहणे आता पुरेसे नाही, काही पायाभूत तंत्रज्ञानांत जमेल तेवढे अंतर ठेवायचे, असे ते म्हणाले. आढाव्याच्या दृष्टीने हे विधान फार महत्त्वाचे आहे. चीनने चिप बनवूच नये, असे त्यात नव्हते. त्यात अंतराची भाषा होती. अंतर मोजायचे तर दोन्ही टोके माहीत हवीत.

अंतर राखण्याची सगळ्यात मजबूत जागा नेदरलँड्समधल्या वेल्डहोवन गावी आहे. एएसएमएल कंपनीच्या, चिपची छपाई करणाऱ्या टोकाच्या अतिनील (ईयूव्ही) लिथोग्राफी यंत्रात वितळलेल्या कथलाचे सेकंदाला पन्नास हजार थेंब सोडले जातात. प्रत्येक थेंबावर लेसरचा मारा होतो आणि त्यातून १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश निघतो. हा प्रकाश काचच काय, हवासुद्धा गिळून टाकते. म्हणून सारे निर्वात पोकळीत आणि जर्मनीच्या झाइस कंपनीच्या आरशांवर चालते. प्रकाशाचा स्रोत कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोत घडला आणि अमेरिकी कायद्याचा हात तिथून आत शिरतो. असे यंत्र जगात दुसरे कोणी विकत नाही आणि चीनला ते आजवर मिळालेले नाही. इथे 'परदेशी उपलब्धता' शून्य आहे. म्हणूनच साऱ्या नियंत्रणांत हे सर्वांत टिकाऊ ठरले, असे माझे मत आहे.

चिपच्या विक्रीवरची बंदी मात्र पहिल्यापासून सच्छिद्र होती. नियमाने दोन गोष्टींवर मर्यादा घातली, चिपची गणनशक्ती आणि चिप-चिपमधल्या संवादाचा वेग. दोन्हीत मर्यादा ओलांडली तरच बंदी. ए१००चा संवादवेग सेकंदाला ६०० गीगाबाइट होता. एनव्हिडियाने तो ४०० वर आणून ए८०० काढली आणि ती कायदेशीरपणे विकली. पुढच्या एच१००ची अशीच आवृत्ती एच८००. ऑक्टोबर २०२३ मध्ये ही फट बुजवण्यात आली, पण तोवर वर्ष गेले होते. अशाच २०४८ एच८०० चिपवर आपले व्ही३ हे एआय प्रारूप शिकवल्याचे हांगचौच्या डीपसीक कंपनीने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले. त्यांच्या निबंधातला एक तपशील मला पुण्याची आठवण करून देतो. चिपमधल्या १३२ गणक-गटांपैकी २० गट त्यांनी फक्त निरोपांची ने-आण करायला बाजूला काढले. जिथे वेग छाटला होता, नेमका तिथेच त्यांनी उपाय रचला.

जानेवारी २०२५ मध्ये डीपसीकचे आर१ प्रारूप आले आणि २७ तारखेला एनव्हिडियाचे बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरने उतरले. बंदी फसली, असा निकाल त्याच दिवशी अनेकांनी दिला. पण डीपसीकचे संस्थापक लियांग वनफंग यांनीच २०२४ च्या एका मुलाखतीत सांगितले होते की, त्यांची अडचण पैशाची नाही, प्रगत चिपवरच्या बंदीची आहे. उलट मे २०२५ मध्ये एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी ही नियंत्रणे अपयशी ठरल्याचे जाहीरपणे म्हटले. एक साक्ष बंदी सोसणाऱ्याची, दुसरी तिच्यामुळे गिऱ्हाईक गमावणाऱ्याची. माझ्या मते पहिलीला जास्त वजन द्यायला हवे. आपल्याला दुखते आहे, असे सांगून लियांग यांना काही मिळणार नव्हते.

ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस अमेरिकेच्या वाणिज्यमंत्री जिना रायमोंडो चीनमध्ये असताना हुआवेईने 'मेट ६० प्रो' हा फोन बाजारात आणला. ओटावाच्या टेकइनसाइट्सने तो उलगडला, तेव्हा आत शांघायच्या एसएमआयसीने बनवलेली ७ नॅनोमीटरची चिप निघाली. ईयूव्ही यंत्राशिवाय, जुन्या पद्धतीच्या यंत्रांवर एकाच थरावर पुन्हा पुन्हा छपाई करून ती साधली होती. ही जुन्या पद्धतीची यंत्रे चीन या काळात झपाट्याने साठवत होता. एएसएमएलच्या यंत्रविक्रीत चीनचा वाटा २०२२ मध्ये सुमारे १४ टक्के होता, तो २०२४ मध्ये ४० टक्क्यांच्या घरात गेला. चीनने २०२४ मध्ये पाच बड्या कंपन्यांकडून ३८ अब्ज डॉलरची चिप-यंत्रे घेतली, असे प्रतिनिधिगृहाच्या चीनविषयक समितीने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखवले. नियम येणार याची कुणकुण लागली की खरेदी वाढते. मग त्या वाढीला नियमाचे यश म्हणायचे की अपयश? कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे आधी ठरले नसेल, तर कोणीही आपल्याला हवे ते उत्तर काढू शकतो.

सेमीकंडक्टर नियंत्रणांचा आढावा कायद्यानेच सक्तीचा करावा, अशी मागणी अमेरिकी काँग्रेसमध्ये आता विधेयकांच्या रूपाने पुढे येते आहे. मला ती पटते. २०१८ च्या निर्यात नियंत्रण सुधारणा कायद्यात उद्देश चांगले लिहिले आहेत. अर्थव्यवस्थेवरचा परिणाम पूर्ण तपासावा, गरजेपुरतीच नियंत्रणे घालावी, अनेक देशांनी मिळून घातलेली नियंत्रणे अधिक उपयोगी. नव्या तंत्रज्ञानांवर नियंत्रण घालताना ते खरेच प्रसार रोखेल का, याचा विचार करण्याचीही अट आहे. पण उद्देश लिहिणे वेगळे आणि ठरलेल्या दिवशी उत्तर देणे वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये एक नवा कायदा झाला. काळ्या यादीतल्या कंपन्यांना माल पाठवण्यासाठी किती परवाने मागितले गेले आणि त्यांचे काय झाले, हे वाणिज्य खात्याने दरवर्षी काँग्रेसला कळवायचे आहे. पाऊल योग्य आहे. तरी किती अर्ज फेटाळले, यावरून प्रतिस्पर्धी किती मागे पडला हे कळत नाही. दवाखान्यात किती चिठ्ठ्या लिहिल्या, यावरून गावातला ताप उतरला की नाही हे कसे कळणार?

आढावा घेणारा हातही बळकट हवा. ही सारी नियंत्रणे सांभाळणाऱ्या 'ब्युरो ऑफ इंडस्ट्री अँड सिक्युरिटी'चे वार्षिक अंदाजपत्रक २०२४ मध्ये सुमारे १९.१ कोटी डॉलर होते. जिच्या मालावर तिने लक्ष ठेवायचे, त्या एकट्या एनव्हिडियाची जानेवारी २०२५ अखेरच्या वर्षाची उलाढाल १३०.५ अब्ज डॉलर. किमतीचा रकानाही रिकामा ठेवून चालणार नाही. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये दाखवले की, या नियंत्रणांच्या घोषणांनी अमेरिकी पुरवठादार कंपन्यांचे मिळून १३० अब्ज डॉलरचे बाजारमूल्य पुसले गेले. चीनने गॅलियम आणि जर्मेनियमवर २०२३ मध्ये परवाना लावला, डिसेंबर २०२४ मध्ये ते अमेरिकेला देणे थांबवले आणि एप्रिल २०२५ मध्ये सात दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये नियंत्रणाखाली आणली. हे परतीचे कुलूपही त्याच हिशोबात धरले पाहिजे.

याहून मला जास्त काळजी वाटते ती सौद्याची. एप्रिल २०२५ मध्ये एनव्हिडियाच्या, चीनसाठी काढलेल्या एच२० चिपला परवाना सक्तीचा झाला. जुलैत वाट मोकळी झाली. ऑगस्टमध्ये चीनमधल्या विक्रीचे १५ टक्के सरकारला द्यायचे ठरले आणि डिसेंबरमध्ये अधिक ताकदीची एच२०० २५ टक्क्यांच्या बोलीवर सोडण्याची घोषणा ट्रम्प यांनी केली. निर्यात परवान्याच्या अर्जासाठी शुल्क घेऊ नये, असे २०१८ चा कायदा स्पष्ट सांगतो. सुरक्षेसाठी घातलेले बंधन टक्केवारीवर सुटत असेल, तर त्याचा उद्देश काय होता, हे आढावा घेणाऱ्याने कुठून शोधायचे?

या सगळ्यात तिसऱ्या देशांचा रकाना अजून कोणी आखलेला दिसत नाही. जानेवारी २०२५ मध्ये एकाच आठवड्यात भारताबद्दल दोन निर्णय झाले. १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर काळ्या यादीत गेलेले तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र यादीतून बाहेर आले. आणि प्रगत चिपच्या जागतिक वाटपाच्या नव्या नियमात जगाच्या तीन पायऱ्या पाडून भारताला मधल्या पायरीवर बसवण्यात आले. त्या पायरीवरच्या प्रत्येक देशाला २०२७ पर्यंत सुमारे पन्नास हजार चिपची मर्यादा होती. १३ मे रोजी, अंमल सुरू व्हायला दोन दिवस उरले असताना, तो नियम मागे घेत असल्याचे जाहीर झाले. त्या चार महिन्यांत भारतात कोणी विदागाराची योजना लांबवली, कोणी घाईने आधीच चिप मागवल्या आणि कोणी दुसऱ्या देशात जागा शोधली, हे अमेरिकी अहवालात येणार नाही, कारण तसा प्रश्न कोणत्याही अर्जाच्या नमुन्यात नाही. क्रे नाकारला गेल्यावर पुण्यात काय घडले, हेही तेव्हा त्या नमुन्यात नव्हते.