पॅसेंजर गाडी : स्वस्त तिकीट, आपला डबा, आपला हक्क

आज आपण साध्या पॅसेंजर गाडीबद्दल बोलणार आहोत. नागपूरहून निघणारी, लहान स्टेशनांवर थांबणारी, भाजीच्या टोपल्या आणि शाळा-कॉलेजच्या मुली घेऊन जाणारी ही गाडी. बचत गटाच्या बैठकीत कर्ज, हप्ता, माल यावर आपण बोलतो. पण माल बाजारात कसा जातो आणि त्यात किती पैसे जातात, याचा हिशोब कोणी मांडत नाही. आज तो मांडू या. जवळ कागद-पेन असेल तर घेऊन बसा.

नागपूरला लोकल आहे का?

१९५६ पर्यंत नागपूर हे जुन्या मध्य प्रदेशची राजधानी होतं. आज ते महाराष्ट्राची उपराजधानी आहे. हायकोर्टाचं खंडपीठ, मेडिकल, मेयो, मोठ्या बाजारपेठा, कॉलेजं, सगळं तिथेच. त्यामुळे आसपासच्या जिल्ह्यांतल्या बाईला कधी ना कधी नागपूर गाठावंच लागतं. मुंबईसारखी दर पाच मिनिटांना येणारी लोकल मात्र इथे नाही. तिचं काम पॅसेंजर आणि मेमू या गाड्या करतात.

मेमूला पुढे वेगळं इंजिन जोडलेलं नसतं. गाडी ओढणाऱ्या मोटारी तिच्या डब्यांखालीच असतात आणि दोन्ही टोकांना चालकाची खोली असते. म्हणून ती पटकन वेग घेते, पटकन थांबते, आणि शेवटच्या स्टेशनावर इंजिन काढून दुसऱ्या बाजूला लावायचा वेळ वाचतो. दर आठ-दहा किलोमीटरला थांबायचं तर अशीच गाडी सोयीची.

कोणती वाट कुठे जाते?

दक्षिणेकडे वर्ध्याची वाट. अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, सेवाग्राम आणि मग वर्धा. बुटीबोरीला मोठी एमआयडीसी आहे. सिंदीचा तान्हा पोळा तुम्हाला ठाऊकच आहे. सेवाग्रामला १९३६ साली गांधीजी राहायला आले आणि आज कस्तुरबा रुग्णालयामुळे दूरदूरचे पेशंट तिथे उतरतात. अजनी लक्षात ठेवा, कारण नागपूरच्या मेडिकलला जायचं असेल तर तेच स्टेशन जवळ पडतं. मेयोला जाणारीने मात्र नागपूरच्या मुख्य स्टेशनावर उतरावं.

उत्तर-पश्चिमेकडे कळमेश्वर, काटोल, नरखेड ही संत्र्यांच्या पट्ट्यातली वाट. ईशान्येकडे कामठी, कन्हान आणि तिथून फाटा फुटून रामटेक. पूर्वेकडे भंडारा रोड, तुमसर रोड, गोंदिया.

यात दोन गोष्टी नवख्या बाईला फसवतात. पहिली, नागपूर म्हणजे एकच स्टेशन नव्हे. रामटेकची गाडी इतवारीहून सुटते, इतर काही गाड्या मुख्य स्टेशनातून किंवा अजनीहून. म्हणून ऑटोवाल्याला नुसतं ‘स्टेशन’ म्हणू नका, स्टेशनाचं नाव सांगा. दुसरी, स्टेशनाच्या नावापुढे ‘रोड’ असेल तर मूळ गाव बहुधा स्टेशनापासून लांब असतं. भंडारा रोड स्टेशन वरठीला आहे, भंडारा शहर तिथून पुढे. तिथून पुढच्या ऑटोचे पैसेही हिशोबात धरायला हवेत.

भाड्याचा हिशोब

पॅसेंजरचं सर्वांत कमी भाडं १० रुपये. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि सगळ्या प्रवासी गाड्या थांबल्या. पुढे त्या सुरू झाल्या, तेव्हा आपल्या पॅसेंजरला ‘स्पेशल’ नाहीतर ‘एक्सप्रेस’ म्हणायला लागले. गाडी तीच आणि थांबे जवळपास तेच, पण किमान भाडं ३० रुपये झालं. ते पुन्हा १० रुपयांवर आलं फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस.

आता गणित करा. गटातल्या दहा जणी आठवड्याच्या बाजाराला जाऊन येतात. किमान भाड्याने जाण्या-येण्याचे २०० रुपये होतात. ३० रुपयांनी तेच ६०० होतात. एका बाजारामागे ४०० रुपयांचा फरक, महिन्याच्या चार बाजारांचे १,६०० रुपये. सांभाराच्या जुड्या आणि पालक विकणाऱ्या बाईचा नफा तो किती? एवढ्या फरकात कितीतरी जणींचा बाजारच सुटतो.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे. ही सवलत रेल्वेत चालत नाही. तरी स्टेशन जवळ असेल तर दोन्हीकडचं भाडं विचारून ताडून बघा. रोज ये-जा करणाऱ्या मुलीला किंवा कामगार बाईला रेल्वेचा महिन्याचा पास बहुतेक वेळा स्वस्त पडतो. हा पास १५० किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी मिळतो. तीन महिन्यांच्या पासाला महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे तीन वेगळे पास काढण्यापेक्षा कमी.

तिकीट काढताना

पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट लागत नाही. पाच ते बारा वर्षांच्या मुलाला जनरल डब्यात अर्धं तिकीट. जवळच्या प्रवासाचं जनरल तिकीट काढलं की तीन तासांच्या आत, किंवा त्यानंतर सुटणाऱ्या पहिल्या गाडीने निघावं लागतं. सकाळी काढलेलं तिकीट संध्याकाळी चालत नाही.

दंड भरावा लागण्याचं एक कारण असं. पॅसेंजरचं तिकीट हातात असतं, पॅसेंजर उशिरा असते, तेवढ्यात एक्सप्रेस येऊन उभी राहते आणि बाया त्यात चढतात. पॅसेंजरचं तिकीट एक्सप्रेसला चालत नाही. एक्सप्रेसने जायचं ठरलं तर खिडकीवर जाऊन तसं सांगून तिकीट घ्या. रिझर्व्हेशनच्या डब्यात तर चढूच नका.

सामानाचंही माप आहे. साध्या तिकिटावर एका माणसाला ३५ किलो सामान फुकट नेता येतं. त्याहून जास्त असेल तर आधी वजन करून पावती घ्यावी.

बायांचा डबा आणि कायदा

रेल्वेचा १९८९ चा कायदा आहे. त्याच्या कलम ५८ प्रमाणे प्रत्येक प्रवासी गाडीत बायांसाठी एक कप्पा किंवा काही जागा राखून ठेवाव्याच लागतात. कलम १६२ प्रमाणे त्या जागेत पुरुष शिरला तर त्याला दंड होतो आणि त्याचं तिकीट किंवा पासही जप्त होऊ शकतो. बारा वर्षांच्या आतला मुलगा आईसोबत बसू शकतो. गर्दी आहे, जागा नाही, ही कारणं चालत नाहीत.

तिसरं कलम आहे १३९. समजा गर्दीत तिकीट हरवलं, किंवा पिशवीच चोरीला गेली, आणि बाईसोबत कोणी पुरुष नाही. अशा बाईला कुठल्याही आडस्टेशनावर उतरवता येत नाही. ती जिथून बसली ते स्टेशन, जंक्शन, गाडीचं शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या ठिकाणचं स्टेशन, फक्त इथेच उतरवता येतं, आणि तेही दिवसाच. दंड माफ होतो असं नाही. पण अंधारात अनोळखी ठिकाणी उतरवलं जाण्यापासून कायदा तिला वाचवतो.

आणि लक्षात ठेवायला किती सोपं! रेल्वेच्या मदतीचा फोन नंबरही १३९ च आहे. कोणी त्रास देत असेल, डब्यात कोणी आजारी पडलं, सामान राहिलं, तर हाच नंबर लावा. बोलताना गाडीचं नाव किंवा नंबर आणि पुढचं स्टेशन सांगा, म्हणजे माणूस लवकर पोचतो.

गाडी मध्येच का थांबते?

नागपूर-वर्धा मार्ग मुंबई-हावडा या मोठ्या वाटेवर आहे. लांब पल्ल्याच्या गाड्या आणि कोळशाच्या मालगाड्या त्याच रुळांवरून धावतात. मागून एक्सप्रेस येत असली की पॅसेंजरला बाजूच्या रुळावर उभी करतात. तिथे तिसरी आणि चौथी मार्गिका टाकण्याचं काम हाती घेतलं आहे, ते झालं की मोकळीक वाढेल. तोवर कोर्टाची तारीख किंवा दवाखान्याचा नंबर असेल त्या दिवशी एक गाडी आधीची धरा.

गाडी गेली की काय होतं?

इतवारी ते नागभीड ही अडीच फुटी रुळांची छोटी गाडी १९०८ साली सुरू झाली. उमरेड, भिवापूरच्या लोकांनी शंभराहून अधिक वर्षं तिच्यावर भरवसा ठेवला. मोठी लाइन टाकण्यासाठी ती नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाली. मोठी लाइन हवीच होती. पण काम चालतं त्या वर्षांत तिथल्या बाईने बाजाराला, दवाखान्याला कसं जायचं, हे विचारणारं कोणी नव्हतं.

म्हणून सख्यांनो, विचारायचं काम आपल्यालाच करावं लागेल. गाडीच्या वेळा ठरवताना रेल्वे प्रवाशांचा आकडा बघते, आणि आकडा विकलेल्या तिकिटांवरून निघतो. बिनतिकीट बसलेली बाई त्या आकड्यात येतच नाही. दहा रुपये वाचतात, पण कागदावर आपलं स्टेशन रिकामं दिसतं.

अर्ज कोणाला आणि कसा?

नागपुरात रेल्वेची दोन विभागीय कार्यालयं आहेत. वर्धा आणि काटोल-नरखेडची वाट मध्य रेल्वेकडे. कामठी, रामटेक, भंडारा, गोंदिया आणि नागभीडची वाट दक्षिण पूर्व मध्य रेल्वेकडे. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर तिथेच पडून राहतो. दोन्हीकडे ‘विभागीय रेल्वे व्यवस्थापक, नागपूर’ यांच्या नावाने अर्ज करायचा.

अर्ज एका पानाचा पुरे. आपलं स्टेशन कोणतं, किती बाया जातात, कशासाठी जातात, आत्ताची वेळ कोणती, हवी ती कोणती आणि का, एवढं लिहा. ‘गाडी वेळेवर सोडा’ असं मोघम लिहू नका. ‘परतीची गाडी बाजार उठायच्या आधीच सुटते, ती तासभर उशिरा सोडावी’ असं नेमकं लिहा. ग्रामसभेचा ठराव जोडा, सगळ्यांच्या सह्या घ्या आणि कार्यालयाच्या शिक्क्याची पोच सांभाळून ठेवा.

पुढच्या बैठकीसाठी तीन कामं. आपल्या स्टेशनावर जाऊन पॅसेंजरच्या आजच्या वेळा वहीत उतरवून आणा, कारण त्या बदलत असतात. गटातल्या कोणकोणी महिन्यातून किती वेळा प्रवास करतात, ते मोजा. आणि १३९ हा नंबर प्रत्येकीच्या मोबाइलमध्ये आहे ना, ते तपासा. ज्यांच्याकडे मोबाइल नाही, त्यांच्याकडून तोंडपाठ करून घ्या.