शिकलं की शेती सुटते? कृषी शिक्षणाविषयीचे सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

थंडी वाढली की ‘निफाडचा पारा घसरला’ ही बातमी राज्यभर जाते. हा पारा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजला जातो. या केंद्राचं खरं काम मात्र त्याहून कितीतरी मोठं आहे. स्वातंत्र्याच्या आधीपासून इथे गव्हाच्या तांबेऱ्यावर संशोधन चाललं आहे. त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, नेत्रावती, फुले समाधान हे महाराष्ट्रभर पेरले जाणारे वाण इथलेच. याच तालुक्यात पिंपळगाव बसवंतला राहुरीच्या विद्यापीठाचं कांदा व द्राक्ष संशोधन केंद्र आहे आणि एन-२-४-१ हा उन्हाळी कांद्याचा वाण तिथला आहे. चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानाचं केंद्र आहे. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली उभारलेला ‘कृषक’ हा विकिरण प्रकल्प आहे. विंचूरला वाइन पार्क आहे.

एवढं सगळं एका तालुक्यात असूनही बारावीनंतर मुलगा किंवा मुलगी ‘ॲग्रीला जायचंय’ म्हणाली की घरात पहिला प्रश्न येतो, ‘त्यात काय आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापाने अवकाळी पाऊस सोसलेला असतो, पडलेले भाव सोसलेले असतात. त्याची काळजी खरी आहे. पण या काळजीला ऐकीव गोष्टींची जोड मिळते आणि चांगली मुलं नको त्या वाटेला लागतात. म्हणून एकेक गैरसमज घेऊन वस्तुस्थिती पाहू.

गैरसमज १ : शेतकऱ्याच्या पोराला शेती येतेच, कॉलेजात वेगळं काय शिकवणार?

शेतकऱ्याच्या मुलाला पुष्कळ येतं, यात शंका नाही. खरड छाटणी, गोडी छाटणी, विरळणी, डिपिंग हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं असतं. शहरातून आलेल्या वर्गमित्राला भुरी आणि डावणी पुस्तकात भेटते, याला ती पानावर ओळखता येते. पण कारण कळणं हे ओळखण्याच्या पुढचं काम आहे.

२०१० सालचा द्राक्ष निर्यातीचा प्रसंग नाशिकमधला कोणताही बागायतदार विसरलेला नाही. एप्रिल छाटणीनंतर शेंड्याची वाढ रोखावी आणि काडीत घड चांगले तयार व्हावेत म्हणून बागेत क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे आपलं ‘सीसीसी’, फवारलं जात होतं. फवारणी फळावर नव्हती. फळ यायला कित्येक महिने अवकाश होता. तरीही त्याचा अंश वेलीत टिकला, पुढच्या हंगामाच्या मण्यांत उतरला आणि युरोपातल्या तपासणीत सापडला. माल अडकला आणि निर्यातदारांबरोबर शेतकरीही होरपळले. यात कुणाची नियत खोटी नव्हती. एखादं रसायन वेलीत कुठे साठतं, किती काळ राहतं आणि ज्या देशात माल जायचा तिथली मर्यादा किती, ही माहिती बांधापर्यंत वेळेत पोचली नव्हती. वनस्पतिशरीरशास्त्र आणि अवशेष तपासणी हे विषय वर्गात शिकवले जातात ते याचसाठी.

देठ परीक्षणाचंही तसंच आहे. खरड छाटणीनंतर साधारण ४५ दिवसांनी काडीच्या तळाकडून पाचव्या पानाचा देठ घ्यायचा आणि गोडी छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात असताना घडासमोरच्या पानाचा. देठच का, पाचवंच पान का आणि त्याच वेळी का, हे ज्याला समजलं त्याला अहवालातले आकडे वाचता येतात. एरवी अहवाल फायलीत पडून राहतो आणि खताच्या गोण्या मागच्या वर्षीइतक्याच येतात.

घरचा अनुभव हे या शिक्षणातलं मोठं भांडवल आहे. मात्र तो रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्राची जागा घेऊ शकत नाही.

गैरसमज २ : कुठेच नंबर लागला नाही की ॲग्रीला जायचं.

बी.एस्सी. (ऑनर्स) कृषी हा चार वर्षांचा व्यावसायिक पदवी अभ्यासक्रम आहे. महाराष्ट्रात त्याचा प्रवेश सीईटीच्या गुणांवर, केंद्रीभूत प्रक्रियेतून होतो. राज्यात चार कृषी विद्यापीठं आहेत : राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (दोन्ही १९७२). नाशिक जिल्हा राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. पुण्यासारख्या जुन्या शासकीय महाविद्यालयांतल्या जागांसाठी चुरस मोठी असते. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेमार्फत देशभरातल्या कृषी विद्यापीठांत भरल्या जाणाऱ्या जागांसाठी सीयूईटी ही वेगळी परीक्षा असते आणि आपल्याकडची फार थोडी मुलं ती देतात. सातबारा असलेल्या कुटुंबातल्या मुलांसाठी प्रवेशात अधिभाराची तरतूद राहिलेली आहे. नियम बदलतात, म्हणून त्या त्या वर्षीची माहितीपुस्तिका स्वतः वाचावी आणि उतारा व दाखले आधीच काढून ठेवावेत.

महाविद्यालय निवडताना मात्र डोळे उघडे ठेवा. सगळी महाविद्यालयं सारखी नाहीत. प्रक्षेत्र किती एकरांचं आहे, प्रयोगशाळा चालू आहे का, विषयाला पूर्णवेळ शिक्षक आहेत का, हे समक्ष जाऊन पाहा. मुलाला चार वर्षं तिथे घालवायची आहेत.

गैरसमज ३ : कृषी म्हणजे एकच डिग्री, बी.एस्सी. ॲग्री.

उद्यानविद्या, वनशास्त्र, मत्स्यशास्त्र, अन्नतंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी अभियांत्रिकी, कृषी व्यवसाय व्यवस्थापन, सामुदायिक विज्ञान या सगळ्या स्वतंत्र पदव्या आहेत. ज्याला ट्रॅक्टर, ठिबक आणि शीतगृहात गोडी आहे त्याने कृषी अभियांत्रिकीचा विचार करावा. तिथे गणित लागतं. ज्याला कांद्याची पावडर किंवा बेदाण्याचा कारखाना खुणावतो त्याच्यासाठी अन्नतंत्रज्ञान आहे. बी.एस्सी. कृषीला मात्र गणित किंवा जीवशास्त्र, कोणत्याही गटातून जाता येतं.

इथे एक फरक नीट लक्षात घ्या. पशुवैद्यकाचा प्रवेश ‘नीट’मधून होतो. गुरांचा डॉक्टर व्हायचं ठरवून केवळ कृषीची सीईटी देणाऱ्या मुलाचं वर्ष वाया जातं.

दहावीनंतर कृषी तंत्र विद्यालयाची पदविका आहे. नोकरी किंवा शेती सांभाळून शिकणाऱ्यांसाठी नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे कृषी अभ्यासक्रम आहेत. हे विद्यापीठ १९८९ साली स्थापन झालं आणि त्याचं स्वतःचं कृषी विज्ञान केंद्रही आहे. शिवाय राहुरीच्या विद्यापीठाचं कृषी विज्ञान संकुल आता मालेगाव तालुक्यात काष्टीला उभं आहे. घरापासून फार लांब जावं लागेल, ही अडचण पूर्वीइतकी राहिलेली नाही.

गैरसमज ४ : डिग्री घेऊन शेवटी सरकारी परीक्षाच देत बसायच्या.

लोकसेवा आयोगाची महाराष्ट्र कृषी सेवा, कृषी विभागातली गावपातळीवरची पदं, बँकांमधले कृषी अधिकारी, नाबार्ड या सगळ्या चांगल्या वाटा आहेत. पण जागा थोड्या आणि उमेदवार फार. तेवढ्यावरच डोळा ठेवून पाच-सहा वर्षं अभ्यासिकेत काढणारी मुलं आपल्याच गावांत आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून अख्खं शिक्षणच निकामी ठरवलं जातं.

निफाडच्या आसपास नजर टाका. निर्यातीच्या द्राक्षाची बाग आधी नोंदवावी लागते, नमुना अधिकृत प्रयोगशाळेत जातो, अहवाल चांगला आला तरच माल पॅकहाऊसला लागतो. या प्रत्येक टप्प्यावर शिकलेलं माणूस लागतं. ‘कृषक’मध्ये गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब रोखता येतात, आणि २००७ पासून अमेरिकेला जाणारा आंबाही तिथे प्रक्रिया होऊन गेला आहे. त्याखेरीज रोपवाटिका, बियाणे कंपन्या, ठिबक, वाइन, पीकविमा, शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. कीटकनाशक विक्रीच्या परवान्यालाही आता कृषी किंवा संबंधित विज्ञान शिक्षणाची अट आहे. म्हणजे गावातलं कृषी सेवा केंद्रसुद्धा शिकलेल्या माणसाचं काम झालं आहे.

स्वतःचं काही सुरू करायचं असेल तर केंद्राची ‘ॲग्री-क्लिनिक व ॲग्री-बिझनेस सेंटर’ योजना २००२ पासून चालू आहे. तिच्यात ४५ दिवसांचं मोफत प्रशिक्षण मिळतं आणि प्रकल्पाच्या कर्जावर सर्वसाधारण गटाला ३६ टक्के, तर महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना ४४ टक्के अनुदान आहे.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. पदवी हातात पडली म्हणजे नोकरी हातात पडली, असं नाही. खासगी कंपनीत सुरुवातीचा पगार बेताचा असतो, फिरती असते, विक्रीचं लक्ष्य असतं. टिकतो तो, ज्याने चार वर्षांत एखादा विषय खरोखर पचवलेला असतो.

गैरसमज ५ : पोरगं शिकलं की शेतीतून गेलं.

ही भीती सर्वांत खोल आहे. पाठवावं तर हातातून जाईल, न पाठवावं तर वाया जाईल, अशा कात्रीत आईबाप सापडतात. म्हणून जवळचंच उदाहरण पाहू. नाशिकजवळच्या शेतकरी कुटुंबातले विलास शिंदे यांनी कृषी अभियांत्रिकीत एम.टेक. केलं आणि ते शेतीतच उतरले. अडचणी आल्या, तोटे झाले. पण पुढे त्यांनी शेतकऱ्यांच्या छोट्या गटाला घेऊन युरोपात द्राक्षं पाठवायला सुरुवात केली आणि २०१०–११च्या सुमारास ‘सह्याद्री’ ही शेतकरी उत्पादक कंपनी उभी राहिली. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीचा तिचा प्रकल्प आज देशभरातून शेतकरी पाहायला येतात. शिक्षणाने इथे माणूस शेतीतून उचलून नेला नाही, हजारो शेतकरी एका छताखाली आणायला मदत केली.

प्रत्येक मूल असं काही उभं करेल, असं नव्हे. कुणी प्रयोगशाळेत जाईल, कुणी बँकेत, कुणी कुंदेवाडीसारख्या केंद्रात वाण तयार करेल. एका संकरातून शेतकऱ्याच्या हाती बियाणं पडेपर्यंत सहज दहा वर्षं जातात. पिढ्यामागून पिढ्या निवड, तांबेऱ्याला मुद्दाम तोंड द्यायला लावणं, अनेक ठिकाणच्या चाचण्या, मग प्रसारण. हे काम करणारा माणूस बांधावर दिसत नाही, पण त्याची मेहनत दर रब्बीला तुमच्या पाभरीतून पडते. तो शेतीतून गेला असं कसं म्हणणार? आणि घरी राहून बाग करणाऱ्याचंही शिक्षण वाया जात नाही, हे तर वर सीसीसीच्या प्रसंगात दिसलंच.

गैरसमज ६ : हे मुलींचं काम नाही.

द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण आणि काढणी, पॅकहाऊसमधली प्रतवारी. निफाडच्या शेतीतलं हे निम्म्याहून जास्त कष्टाचं काम बायकाच करतात. ऊन-पाऊस त्यांनी झेलायचा आणि शिकायची वेळ आली की ‘मुलींना कुठे शेतात पाठवायचं’ म्हणायचं, हा अन्याय आहे.

पदवीच्या शेवटच्या वर्षात ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी विद्यार्थी गावात राहतात. गावकरी त्यांना कृषिदूत आणि कृषिकन्या म्हणून ओळखतात. मातीचा नमुना कसा घ्यायचा हे कृषिकन्या बागायतदाराला करून दाखवते : इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा खड्डा, कडेची माती वरपासून खालपर्यंत सारखी खरवडायची, सगळे नमुने एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकायचे, पुन्हा चार भाग, अर्धा किलो उरेपर्यंत. सुरुवातीला हाताची घडी घालून उभे असलेले काका थोड्या वेळाने तिलाच विचारतात, ‘बाई, माझ्या वावरात चुनखडी आहे, मग कोणतं खत घालू?’ ज्ञानाला मान असाच मिळतो.

गैरसमज ७ : खर्च झेपणार नाही, आणि इंग्रजी तर मुळीच नाही.

शासकीय महाविद्यालयांची फी खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांपेक्षा बरीच कमी असते, म्हणून पसंतीक्रम विचारपूर्वक भरा. २०२४–२५ पासून केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमांना प्रवेश घेणाऱ्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क राज्य सरकार भरतं. त्यात कृषी आहे. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती आहे. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. अर्जाची तारीख चुकवू नका. पात्र असूनही कागदापायी लाभ हुकलेली मुलं कमी नाहीत.

इंग्रजीची अडचण खरी आहे. पदवीचं शिक्षण इंग्रजीत आहे आणि जिल्हा परिषदेच्या शाळेतून आलेल्या मुलाला पहिलं सत्र जड जातं. पण ज्या गोष्टीचं इंग्रजी नाव शिकायचं ती गोष्ट त्याने हाताळलेली असते, त्यामुळे शब्द लवकर बसतात. एवढ्या भीतीपायी अर्जच न भरणं हे सर्वांत मोठं नुकसान.

ठरवण्याआधी हे करा

सुट्टीत मुलाला किंवा मुलीला घेऊन एक दिवस कुंदेवाडीला जा, एक दिवस पिंपळगावच्या केंद्रात, शक्य झालं तर एखादं पॅकहाऊस आणि माती परीक्षणाची प्रयोगशाळा पाहा. आधी विचारून गेलात तर लोक माहिती देतात. तिथे काम करणाऱ्यांना विचारा : काय शिकलात, कुठे शिकलात, दिवसभर काय करता? आणि घरी आल्यावर मुलाला एकच विचारा, यातलं कोणतं काम तुला रोज करायला आवडेल? त्याच्या उत्तरावरून शाखा ठरवा.

महात्मा फुल्यांनी १८८३ साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला तेव्हा शेतकऱ्याच्या हालाचं मूळ त्यांनी विद्येच्या अभावात शोधलं होतं. आज त्यांच्याच नावाचं विद्यापीठ आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे आणि त्याची केंद्रं आपल्या तालुक्यात आहेत. शेतकऱ्याच्या मुलांनी तिथे नाइलाजाने जाऊ नये. हक्काने जावं, आवडीने जावं आणि पूर्ण तयारीने जावं.