बोनस : मालकाची मेहेरबानी नव्हे, कामगाराचा कायदेशीर हक्क

दिवाळी जवळ येऊ लागली की गिरणी-कारखान्यांच्या फाटकांपाशी आणि औद्योगिक वसाहतींतील चहाच्या टपऱ्यांवर एकाच विषयाची चर्चा सुरू होते. यंदा बोनस किती ? मुलाबाळांचे कपडे, घरातील फराळ, सावकाराचा एखादा हप्ता अशा अनेक गोष्टी या रकमेवर अवलंबून असतात. परंतु बोनस म्हणजे सणानिमित्त मालकाने खुशीने दिलेले बक्षीस, अशी समजूत अजूनही अनेक कामगारांत आढळते. त्यामुळे तो मिळाला नाही तर नशिबाला बोल लावून गप्प बसणारे कमी नाहीत. वस्तुस्थिती वेगळी आहे. पात्र कामगाराला किमान बोनस मिळालाच पाहिजे, असा कायदा आहे.

मुंबईच्या गिरणगावातून उगम

या हक्काचा इतिहास मुंबईच्या कापड गिरण्यांशी निगडित आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई वाढली, तशीच गिरण्यांची नफ्याची पातळीही वाढली. १९१७ मध्ये गिरणी कामगारांना पगाराच्या दहा टक्के रक्कम युद्धकालीन बोनस म्हणून देण्यात आली. पुढे दरवर्षी बोनस मिळण्याचा प्रघात पडला. १९२३ या वर्षासाठी मालकांनी तो नाकारला, तेव्हा १९२४ च्या प्रारंभी सुमारे दीड लाख कामगारांनी संप पुकारला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. बोनसवर कामगारांचा अंमलबजावणीयोग्य असा कोणताही हक्क नाही, असा निष्कर्ष या समितीने काढला. संप अयशस्वी ठरला, परंतु प्रश्न मिटला नाही.

स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये श्रम अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्याच गिरणी उद्योगातील वादात एक सूत्र घालून दिले. घसारा, यंत्रसामग्रीचे पुनर्वसन, कर आणि भांडवलावरील वाजवी परतावा वजा जाता जी शिल्लक उरेल, तीत कामगारांचा वाटा आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. १९६१ मध्ये श्री. एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमण्यात आला आणि त्याच्या शिफारशींतून १९६५ चा बोनस प्रदान अधिनियम जन्मास आला. आरंभी किमान बोनस चार टक्के होता. १९७२ मध्ये तो ८.३३ टक्के झाला, १९७५ मध्ये आणीबाणीच्या काळात पुन्हा खाली आणला गेला आणि १९७७ मध्ये पूर्ववत करण्यात आला. आता हा अधिनियम वेतन संहिता, २०१९ मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. बोनसविषयक तरतुदी तिच्या चौथ्या प्रकरणात आहेत.

बोनस कोणाला मिळतो ?

लेखावर्षात कोणत्याही दिवशी वीस किंवा अधिक व्यक्ती कामावर असलेल्या आस्थापनेस या तरतुदी लागू होतात. वर्षभरात किमान तीस दिवस काम केलेला आणि शासनाने अधिसूचित केलेल्या मर्यादेपेक्षा अधिक मासिक वेतन नसलेला कर्मचारी बोनसला पात्र असतो. २०१५ च्या दुरुस्तीने जुन्या अधिनियमात ही मर्यादा २१,००० रुपये करण्यात आली होती. नव्या संहितेत आकडा कायद्याच्या मजकुरात नाही. तो समुचित शासनाने अधिसूचनेद्वारे ठरवावयाचा आहे. म्हणून मागणी करण्यापूर्वी लागू असलेली अधिसूचना पाहून घेणे हिताचे ठरते.

कामगार कायम आहे की हंगामी, हा प्रश्न येथे गौण आहे. तीस दिवसांची अट पूर्ण झाली की पात्रता येते. पगारी रजा, पगारी प्रसूती रजा, कामावर झालेल्या अपघातामुळे आलेली तात्पुरती असमर्थता आणि कायदेशीर ले-ऑफचे दिवसही कामाचे दिवस म्हणून धरले जातात. वर्षाच्या मध्येच नोकरी सोडलेल्या कामगारालाही केलेल्या कामाच्या प्रमाणात बोनस मिळतो. मात्र अफरातफर, आस्थापनेच्या आवारातील हिंसक वर्तन, मालमत्तेची चोरी वा घातपात या कारणांसाठी बडतर्फ झालेल्यास, तसेच लैंगिक छळाबद्दल दोषी ठरलेल्यास तो मिळत नाही.

शासकीय विभाग आणि स्थानिक प्राधिकरणांचे कर्मचारी, शैक्षणिक संस्था, नफ्यासाठी न चालणारी रुग्णालये, आयुर्विमा महामंडळ इत्यादींना हे प्रकरण लागू नाही. महानगरपालिकांच्या कर्मचाऱ्यांना दिवाळीत मिळते ते सानुग्रह अनुदान होय. ते प्रशासनाच्या निर्णयावर अवलंबून असते, बोनस कायद्यावर नव्हे.

हिशेब कसा करावा ?

किमान बोनस वर्षभरात मिळविलेल्या वेतनाच्या ८.३३ टक्के अथवा १०० रुपये, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तेवढा असतो. हा आकडा नेमका एक-बारांशाइतका असल्याने पूर्ण वर्ष काम केलेल्यास साधारणतः एका महिन्याचे वेतन बोनस म्हणून मिळते. समजा, बोनससाठी धरावयाचे मासिक वेतन १२,००० रुपये आहे. वर्षाचे वेतन १,४४,००० रुपये होते आणि किमान बोनस १२,००० रुपये. त्याने सहाच महिने काम केले असेल तर ही रक्कम ६,००० रुपये होईल. बोनसची कमाल मर्यादा २० टक्के असल्याने पूर्ण वर्षासाठी अधिकात अधिक २८,८०० रुपये मिळू शकतील.

किमान बोनस देण्यासाठी त्या वर्षी नफा झालेला असलाच पाहिजे असे नाही. "यंदा तोटा झाला," ही सबब त्यास पुरेशी नाही. वाटपयोग्य शिल्लक अधिक असेल तर किमानापेक्षा जास्त बोनस द्यावा लागतो. नव्या आस्थापनांना मात्र पहिल्या पाच वर्षांत ज्या वर्षी नफा होईल त्याच वर्षी बोनस देणे बंधनकारक आहे. सणानिमित्त अगोदर दिलेली अंतरिम रक्कम मालकास बोनसमधून वळती करून घेता येते.

मुदत आणि दाद

लेखावर्ष ३१ मार्च रोजी संपते. त्यानंतर आठ महिन्यांच्या आत, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत, बोनस कर्मचाऱ्याच्या बँक खात्यात जमा झाला पाहिजे. दिवाळी ही रूढी आहे, कायद्याची मुदत नव्हे. अधिक दराविषयी वाद चालू असला तरी ८.३३ टक्के रक्कम याच मुदतीत देणे मालकावर बंधनकारक आहे. कंत्राटदाराने पैसे दिले नाहीत तर मूळ आस्थापनेच्या मालकावर ती जबाबदारी येते.

बोनस न मिळाल्यास किंवा कमी मिळाल्यास कामगार स्वतः, त्याची नोंदणीकृत कामगार संघटना अथवा निरीक्षक तथा सुविधाकार सक्षम प्राधिकाऱ्याकडे तीन वर्षांच्या आत दावा दाखल करू शकतात. रक्कम दिल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. देय रकमेपेक्षा कमी देणाऱ्यास ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पाच वर्षांच्या आत तोच अपराध पुन्हा केल्यास तीन महिन्यांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कायदा कितीही चांगला असला तरी हक्काची जाणीव असल्याशिवाय त्याचे फळ पदरात पडत नाही. कामगार बंधुभगिनींनी वेतनपावत्या, हजेरीपत्रक किंवा ओळखपत्राच्या प्रती आणि बँक खात्याचे उतारे जपून ठेवावेत. नोकरी सोडताना बोनसचा हिशेब विचारण्यास संकोच करू नये. अडचण आल्यास नजीकच्या कामगार आयुक्त कार्यालयाशी संपर्क साधावा. १९२४ मध्ये जो हक्क गिरणी कामगारांना नाकारला गेला, तो आज कायद्याच्या पुस्तकात लिहिलेला आहे. तो प्रत्येक पात्र कामगाराच्या घरी पोहोचविणे ही मालक, कामगार संघटना आणि शासन या तिघांचीही जबाबदारी आहे.