साठाचा हातचा

समजा, वखारीत काम करणाऱ्या कामगाराच्या हजेरीपत्रकात ‘७ तास ४५ मिनिटे’ अशी नोंद आहे. मजुरी ताशी ८० रुपये ठरलेली. हिशेबाला बसलेला घरचा मुलगा गणितात हुशार. तो गणकयंत्रावर ७.४५ ला ८० ने गुणतो आणि उत्तर लिहितो, ५९६ रुपये. वास्तविक ४५ मिनिटे म्हणजे पाऊण तास. गुणावयास हवे होते ७.७५ ला, आणि मजुरी होते ६२० रुपये. फरक दिवसाला २४ रुपयांचा. २६ दिवसांच्या महिन्यात ६२४ रुपयांचा. यात लबाडी कोणाचीच नाही. मालकाचा हेतू शुद्ध, मुलाचा गुणाकार बिनचूक आणि यंत्रही निर्दोष. तरीही कष्ट करणाऱ्याचे पैसे बुडाले.

ही चूक मंदबुद्धीची नव्हे, सवयीची आहे. निमंत्रणपत्रिकेवर ‘सायंकाळी ६.३०’ असे छापण्याची आपली जुनी रीत आहे. या टिंबाच्या उजवीकडे असतात साठापैकी तीस मिनिटे. दशांशचिन्ह दिसते अगदी तसेच, पण त्याच्या उजवीकडे असतात दहावे आणि शंभरावे भाग. टिंब एक, अर्थ दोन. मुलगा फसतो तो येथे. म्हणून पहिला नियम असा की, मिनिटांचे तास करताना ६० ने भागावे आणि तासाच्या दशांश भागाची मिनिटे करताना ६० ने गुणावे. २.५ तास म्हणजे २ तास ५० मिनिटे नव्हेत, अडीच तास. २.४ तास म्हणजे २ तास २४ मिनिटे.

आजोबा-पणजोबांच्या पिढीला हे वेगळे सांगावे लागत नसे. रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै, मणाचे चाळीस शेर. प्रत्येक मापाचा हातचा निराळा असतो, हे दुकानाच्या गादीवर बसताच अंगवळणी पडे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी यांचे पाढे मुखोद्गत असत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले. व्यवहार सुलभ झाला, यात शंका नाही. पण आजच्या मुलाला रोजच्या व्यवहारात दहाच्या पटीत न चालणारे ठळक माप उरले ते कालमापनाचे. फ्रान्सने राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ मध्ये, दिवसाचे दहा तास आणि तासाची शंभर मिनिटे करून पाहिली. लोकांना ते रुचले नाही आणि १७९५ मध्ये त्याची सक्ती स्थगित करावी लागली. साठाची सोयही मोठी आहे. त्याला २, ३, ४, ५, ६, १०, १२, १५, २० आणि ३० या सर्वांनी पूर्ण भाग जातो. तासाचा तिसरा हिस्सा नेमका २० मिनिटांचा होतो. शंभराचा तिसरा हिस्सा पूर्णांकात येत नाही.

रूपांतराचा सराव करण्यास जैन घरात उदाहरणांची वाण नाही. अहोरात्राचे मुहूर्त ३०. २४ तासांची मिनिटे १४४०. त्यांना ३० ने भागले की एक मुहूर्त ४८ मिनिटांचा येतो. सामायिकाची ४८ मिनिटे ती हीच. मुहूर्ताच्या घटिका दोन, म्हणून घटिका २४ मिनिटांची आणि अहोरात्राच्या घटिका साठ. आता समजा, सूर्योदय ६ वाजून २७ मिनिटांनी आहे. नवकारशी त्यानंतर एक मुहूर्ताने. २७ आणि ४८ मिळून ७५. पंच्याहत्तरातून साठ काढून एक तास हातचा घ्यावयाचा, उरली १५. नवकारशी ७ वाजून १५ मिनिटांनी. ज्याला शंभराची सवय जडली आहे तो ‘६.७५’ लिहून थांबतो. घड्याळात अशी वेळच नाही, हे त्याच्या ध्यानी यावयास हवे.

पोरसीचे गणित याहून थोडे वरचे. दिवसमानाचा चौथा भाग सूर्योदयात मिळवावयाचा. सूर्यास्त सायंकाळी ६ वाजून ४३ मिनिटांनी असेल, तर चोवीस तासांच्या पद्धतीने तो १८:४३. त्यातून ६:२७ वजा केले की दिवसमान १२ तास १६ मिनिटे येते. त्याचा चौथा भाग ३ तास ४ मिनिटे. पोरसी ९ वाजून ३१ मिनिटांनी. सायंकाळच्या वेळेत १२ मिळविल्याविना ही वजाबाकी सुटत नाही. चोवीस तासांच्या पद्धतीचा उपयोग येथे मुलाला आपोआप पटतो.

या पद्धतीत खरी अडचण येते ती बाराच्या काट्यावर. दुपारचे बारा म्हणजे १२:००, मध्यरात्रीचे बारा म्हणजे ००:००. गाडीच्या तिकिटावर ‘१५ तारीख, ००:१०’ असे छापलेले असेल, तर स्थानकावर १४ तारखेच्या रात्रीच पोहोचले पाहिजे. पंधराच्या रात्री सामानसुमान घेऊन जाणाऱ्या कुटुंबाची गाडी आदल्या रात्रीच गेलेली असते. घोटाळ्याचे कारण आपल्या बोलण्यात आहे. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला उजाडतो, त्यामुळे पहाटेपर्यंतची रात्र आपण आदल्या दिवसाचीच मानतो. रेल्वेची तारीख मात्र मध्यरात्री पालटते. मुलाला केवळ ‘बारा मिळवा’ असे न सांगता तारीख कोठे बदलते, तेही विचारावे.

देशोदेशीच्या वेळांचे मूळ पृथ्वीच्या फिरण्यात आहे. २४ तासांत ३६० अंश, म्हणजे तासाला १५ अंश आणि एका अंशाला ४ मिनिटे. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून ठरते. ८२.५ गुणिले ४ म्हणजे ३३० मिनिटे; म्हणूनच आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. ही वेळ १९०६ मध्ये सुरू झाली, तरी मुंबईने ३९ मिनिटे मागे असलेली आपली ‘मुंबई वेळ’ १९५५ पर्यंत जपली होती. घड्याळ एक झाले, सूर्य एक झाला नाही. मुंबई सुमारे ७३ अंशांवर, नागपूर सुमारे ७९ अंशांवर. सहा अंशांची २४ मिनिटे. ऋतू व अक्षांश यांनी थोडा फरक पडतो. पण मुंबईच्या सूर्यास्ताचे कोष्टक भिंतीवर लावून नागपुरात चौविहार पाळणारा श्रद्धेने वागूनही सूर्यास्तानंतर जेवत असतो. कोष्टक आपल्या गावाचे आहे ना, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे.

परदेशी व्यापारात आणखी एक गाठ आहे. मुंबईच्या हिरेबाजाराचा अँटवर्पशी निकटचा संबंध. तेथे हिवाळ्यात सकाळचे ९ वाजतात तेव्हा मुंबईत दुपारचे १:३० झालेले असतात. उन्हाळ्यात मात्र १२:३०. मार्चच्या शेवटच्या रविवारी तेथील घड्याळे एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. न्यूयॉर्कचा बदल निराळ्या रविवारी होतो. हिवाळ्यात ते आपल्यामागे साडेदहा तास असते. मुंबईत सोमवारी सकाळी ७ वाजता फोन लावला, तर तेथे रविवारचे रात्रीचे ८:३० वाजलेले असतात. ज्याने केवळ तास मोजले आणि वार मोजला नाही, त्याचा ‘सोमवारपर्यंत माल पाठवितो’ हा शब्द दोन ठिकाणी दोन अर्थांचा होतो.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत ‘हीनाधिक मानोन्मान’ सांगितला आहे: घेताना जास्त आणि देताना कमी मोजणे. तराजू आणि गज यांच्याबाबत आपली घरे पिढ्यान्‌पिढ्या सावध राहिली. घड्याळ हेही एक मापच आहे, आणि मजुरी, भाडे, मुदत, वायदा हे सारे त्याच मापाने मोजले जाते. अतिचार हेतूने घडतो, चूक अज्ञानाने. पण ज्याचे माप कमी भरते त्याच्या पदरात दोन्हींचे फळ सारखेच पडते. म्हणून या सुट्टीत मुलांकडून नवकारशीचे कोष्टक मांडून घ्यावे, तिकिटावरील तारीख वाचून घ्यावी, आणि हजेरीपत्रकाची बेरीज करून तिचा ताळा कामगारासमोर पडताळावयास लावावे. शाळेतील उत्तर चुकले तर एक गुण जातो; येथे कोणाच्या तरी घरचा किराणा जातो, हे त्यांना त्या वेळी कळेल.