सव्वीस वर्षांनी दिसलेली बहीण

जपानमधल्या कुमामोतो सँक्चुअरीतली बोनोबो मादी लुईस नळीने रस चोखत होती. समोर पडद्यावर दोन फोटो झळकले: एक अनोळखी बोनोबो, दुसरी बहीण लोरेटा, 26 वर्षांहून अधिक काळ न भेटलेली. लुईसची नजर बहिणीवर रेंगाळली.

इन्फ्रारेड यंत्राने टिपलेल्या नजरांचं हे संशोधन 2023 साली प्रसिद्ध झालं. चिंपांझीही जुने सोबती जास्त वेळ न्याहाळत, त्यातही पूर्वी गट्टी असलेले अधिक. भांडखोरांकडे कोण बघणार!

मकाक माकडांच्या मेंदूत तर चेहऱ्यांसाठी खास जागाच आहेत. डोरिस त्साओ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये तिथली एक तपासली, तेव्हा दृश्यांना प्रतिसाद देणाऱ्या 97 टक्के पेशी चेहऱ्यांवरच भाळलेल्या आढळल्या. क्वचित गोल फळं आणि घड्याळंही त्यांना थोडं चाळवत.